खिरवडकरांचं रायपूर-दर्शन

रायपूरच्या बूढ़ापारा मोहल्ल्यात शालिग्राम खिरवडकरांकडे पाहुणा उतरला, की शेजारपाजारचे आधी त्याच्या पायांकडे बघत. चपला जुन्या, मऊ असल्या तर म्हणत, हा टिकेल. कोऱ्या असल्या तर त्यांना बिचाऱ्याची कीव यायची. खिरवडकरांकडे पाहुण्याला चहा मिळो न मिळो, रायपूर मात्र मिळायचंच. सगळंच्या सगळं मिळायचं, उन्हात मिळायचं, आणि नको म्हणायची सोय नव्हती.

माणूस तसा सज्जन. सिंचन विभागात एकतीस वर्षं कारकुनी केली, हेडक्लार्क होऊन घरी बसले, कुणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत. पण संस्कृतीचं नाव निघालं की त्यांच्या अंगात यायचं. गणपतीत मराठी मंडळाच्या हॉलमध्ये नाटक असलं, की पहिल्या रांगेतली डावीकडून तिसरी खुर्ची त्यांची. तिथे बसून ते नाटक नुसतं बघत नसत, नाटकाला शिस्त लावत. नटाचं वाक्य पुरं व्हायच्या आत यांचं 'वा' तयार. एकदा तर नायिका मरायच्या आधीच यांनी मोठ्यानं 'अरेरे' केलं आणि मागच्या पाच रांगांना शेवट कळून गेला. नायिकेला मग मरायला फार जड गेलं.

लग्नानंतर चौथ्या दिवशी त्यांनी विनोदिनीबाईंना सिरपूरला नेलं होतं. विटांचं देऊळ दाखवलं आणि एकेका विटेवर बोलत राहिले. परतीच्या बसमध्येही बोलणं चालूच. आरंग गाव मागे पडल्यावर त्यांनी शेजारी वळून विचारलं, "दमलीस का गं?" तर शेजारी एक धोतरवाले गृहस्थ बसलेले. नवी नवरी पाणी प्यायला उतरली होती ती सिरपूरलाच. आता ही गोष्ट लोक तिखटमीठ लावून सांगतात असं कुणीही म्हणेल. पण विनोदिनीबाईंना विचारा, त्या ती खोटी आहे असं काही म्हणत नाहीत.

पुढे दोन हजार साली छत्तीसगड झालं, रायपूर राजधानी झाली, आणि खिरवडकरांना वाटलं, हे सारं आपल्याचसाठी झालं. घरभाडी दुपटीवर गेली, चौकाचौकांत खड्डे पडले, काल ज्या टपरीवर पंक्चर काढून मिळायचं तिच्यावर 'राजधानी टायर्स' अशी पाटी आली. लोक वैतागले. खिरवडकर मात्र खूश. ते म्हणायचे, "आता पाहा, बाहेरचा माणूस इथे येईल, त्याले कोणी सांगनारा पाहिजे की नाही?" बाहेरचा माणूस कोण आणि त्याला काय हवंय, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

त्यांना एक मुलगी होती. हे इथेच सांगून टाकलेलं बरं, कारण खिरवडकरांच्या बोलण्यात ते सहसा येत नसे.

मीनल तिचं नाव. तिशी नुकतीच ओलांडलेली. मंत्रालयात नोकरीला. घरात आईशी मराठीत बोलायची, बापाशी हिंदीत, आणि तेही कामापुरतं. तिला बघायला आजवर पाच जण येऊन गेले होते. एकाला रंग पसंत नव्हता, एकाला उंची. तिसऱ्याला नोकरी सोडणारी हवी होती, चौथ्यानं कळवतो म्हणून कळवलं नाही, आणि पाचव्याच्या आईनं आलूबोंडे चार खाऊन मुलगी तेलकट दिसते असं सांगितलं. पाचही वेळा मीनल साडी नेसून बाहेर आली, बसली, उठली, आत गेली. सहावं स्थळ नागपूरच्या हरकऱ्यांचं. मुलगा पुष्कर, बँकेत, तेहतीस वर्षांचा. इकडून पत्र आणि मीनलचा फोटो गेला, तिकडून त्याचं पत्र आलं, फोटो आला. मीनलनं पत्र दोनदा वाचलं आणि आईला म्हणाली, "आई, हा ठीक वाटून राहिला."

विनोदिनीबाईंनी पोरीच्या तोंडून हे वाक्य सहा वर्षांत ऐकलं नव्हतं. त्या देवघरात गेल्या आणि पदरानं डोळे पुसून बाहेर आल्या.

रविवार ठरला. विधानसभेचं अधिवेशन चालू असल्यानं मीनलला रविवारीही अकरापर्यंत ऑफिसात थांबावं लागणार होतं, म्हणून बघण्याचा कार्यक्रम बाराला. हरकरे मंडळी सव्वानऊच्या गाडीनं येणार आणि साडेचारच्या गाडीनं परत जाणार, दुसऱ्या दिवशी पुष्करची बँक होती. आदल्या संध्याकाळी विनोदिनीबाईंनी नवऱ्याला समोर बसवलं.

"टेशनवरून सीधे घरी आणायचं. चहा, आंघोळी, थोडा आराम. बारा वाजता मीनल. मधात कुठीच न्यायचं नाही."

"नाही नेत."

"शपथ घ्या."

"तुझी शपथ."

"माझी नका घेऊ. तुमी मले एकदा सिरपूरले सोडून आले. मीनलची घ्या."

खिरवडकरांनी मीनलची शपथ घेतली. आणि खोटं कशाला बोला, अगदी मनापासून घेतली.

सकाळी ते भाड्याची व्हॅन घेऊन स्टेशनवर हजर. चालवायला अभनपूरचा नत्थू, पन्नाशीचा, शांत माणूस. पाहुणे तिघं. मुलाचे वडील निरंजनराव, आई क्षमाताई आणि पुष्कर. नमस्कार-चमत्कार झाले, सामान चढलं. सगळं अगदी सरळ चाललं होतं. पण राजधानी झाल्यापासून रायपुरात सरळ रस्ता म्हणून उरला नव्हता. घराकडचा चौक खणून ठेवलेला, पाटी लावलेली, नत्थूनं गाडी वळवली. आणि वळणावर समोर संग्रहालय उभं.

आता हे संग्रहालय खिरवडकरांनी तिथे आणून ठेवलं होतं का? नाही ना? ते आपणहून समोर आलं होतं.

"वाटेतच आहे," ते म्हणाले. "दहा मिनिटं."

संग्रहालय उघडायलाच वीस मिनिटं होती. ती बाहेरच्या बाकावर बसून, आत काय बघायचं हे समजून घेण्यात गेली. मग आत जाऊन ते बघण्यात पाऊण तास. एका मुंडकं नसलेल्या मूर्तीपुढे खिरवडकर अर्धा तास उभे राहिले. तिचं मुंडकं कसं असेल, डोळे कसे असतील, ती कुणाकडे बघत असेल, सगळं सांगितलं.  पुष्कर सभ्य मुलगा, मान हलवत राहिला.

क्षमाताईंनी मधेच विचारलं, "मीनलला या सगळ्याची आवड आहे का हो?"

"कुणाले? हं. हे पाहा, या हाताची बोटं पाहा."

तिथून दूधाधारी मठ. तोही वाटेतच होता. खिरवडकरांच्या हिशेबानं पृथ्वीवर जे काही बघण्यासारखं आहे ते स्टेशन आणि त्यांचं घर यांच्या मधातच येतं, फक्त थोडं वळावं लागतं. मठातून निघाले तेव्हा अकरा वाजून गेले होते. मग बूढ़ा तालाब. घर तलावाच्या एका काठाला, आणि खिरवडकरांनी गाडी थांबवली दुसऱ्या काठाला, कारण तलाव तिकडूनच बघावा, उजेड पाठीशी येतो.

"ते पाहा, पानी कसं दिसून राहिलं. अन् तिकडे ती हिरवी खिडकी दिसते का? ते आमचं घर."

तिघांनीही घर बघितलं. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांनी काहीतरी मनापासून बघितलं. गच्चीवर कुणीतरी पंचा जोरजोरात हलवत होतं.

"वहिनी आहेत का त्या?" क्षमाताई म्हणाल्या. "बोलावताहेत वाटतं."

"छे हो. कपडे वाळत घालून राहिली असेल."

"मग जाऊ या ना आता घरी," निरंजनराव म्हणाले. आणि तिथेच थांबते तर खिरवडकरांचं आणि हरकऱ्यांचं, दोघांचंही भलं झालं असतं. पण त्यांना आपलं वाटलं, यजमानांचं मन राखावं, काहीतरी विचारावं. "बाकी काय हो, ती नवी राजधानी म्हणतात ती नेमकी कुठे होणार आहे?"

झालं. खिरवडकरांचा चेहरा उजळला. चार वर्षांत हा प्रश्न त्यांना आपणहून कुणी विचारला नव्हता.

"नत्थू, गाडी घुमा."

"कका, बारा बजत हे," नत्थू म्हणाला.

"वाटेतच आहे."

नव्या राजधानीची जागा शहरापासून वीस-बावीस किलोमीटर. तिथे त्या दिवसांत शेतं होती, एक दगड रोवलेला होता आणि बकऱ्या चरत होत्या. बघायला तेवढंच. पण खिरवडकर बांधावर उभे राहिले आणि त्यांनी हात पसरले. इथे मंत्रालय येणार. इथे विधानसभा. त्या बाभळीपाशी नाट्यगृह, हजार खुर्च्यांचं, फिरता रंगमंच. त्यांनी बकऱ्यांना हाकलून पुष्करला रंगमंचाच्या जागी उभं केलं आणि स्वतः पहिल्या रांगेच्या जागी ढेकळावर बसले. असलेलं तर कुणीही दाखवतं. नसलेलं दाखवणारा गडी रायपुरात एकच.

ऊन माथ्यावर आलं होतं. क्षमाताईंनी डोक्यावर पदर घेतला. त्यांच्या आवाजात आता जरा धार आली होती.

"खिरवडकर, मुलगी काय काम करते म्हणालात?"

"मंत्रालयात आहे."

"ते पत्रातही होतं. कुठल्या खात्यात?"

खिरवडकरांनी शहराच्या दिशेनं बोट केलं. "मंत्रालय आता जुन्या इस्पितळाच्या बिल्डिंगीत आहे. आता त्या बिल्डिंगीचीही गंमत सांगतो—" आणि त्यांनी इमारतीची गंमत सांगितली. गंमत वीस मिनिटांची होती.

"स्वभावानं कशी आहे?" क्षमाताईंनी पुन्हा विचारलं.

"चांगली आहे," खिरवडकर म्हणाले. "इकडे या, इथून फाटकाची जागा दिसते."

जेवायला अभनपूरच्या रस्त्यावर एका हॉटेलात समोसे खाल्ले. परत शहरात शिरेपर्यंत पावणेतीन. अजूनही वेळ होता. घरी जाऊन, मुलगी बघून, दोन घास खाऊन गाडी गाठता आली असती. पण मंडळाच्या हॉलवरून जाताना आतून तबला ऐकू आला. पोट्टे-पोट्ट्या नाटकाची तालीम करत होते. संवाद मराठीत म्हणायचे आणि चुकलं की भांडायचे हिंदीत. खिरवडकर 'दोन मिनिटं' म्हणून आत गेले, पाहुण्यांना पहिल्या रांगेत बसवलं, स्वतः डावीकडून तिसऱ्या खुर्चीत बसले, आणि दुसरा अंक पुरा झाल्याशिवाय उठले नाहीत. नायिकेनं हात कुठे ठेवावा यावरच त्यांनी तिला तीनदा थांबवलं. पुष्कर घड्याळाकडे बघत होता. निरंजनरावांना डुलकी लागली होती. क्षमाताई मात्र टक्क जाग्या होत्या आणि नाटकाकडे न बघता खिरवडकरांकडे बघत होत्या.

शेवटी नत्थू दारातून म्हणाला, "कका, चार बज गे. अब घर जाबो के टेसन?"

घर आणि स्टेशन दोन्हीला वेळ नव्हता. स्टेशनवर फाटकापाशी गाडी उभी राहिली, सामान उतरलं. पुष्कर घुटमळला.

"काका, मीनल..."

 सकाळपासून पहिल्यांदाच खिरवडकरांना ती शपथ आठवली.

"हो ना," ते म्हणाले. "ती राहिलीच. पण फोटो तुम्ही पाहिला आहे."

 क्षमाताईंनी पिशवी उचलली आणि त्या पुलाचा जिना चढायला लागल्या.

खिरवडकर घरी आले. दार उघडंच होतं. बैठकीत नवी चादर घातलेली, तिच्यावर एक सुरकुती नाही. टेबलावर आलूबोंडे झाकून ठेवलेले. मीनल खिडकीशी खुर्चीत बसली होती. साडी नेसलेली, केसांत मोगऱ्याचा गजरा, तो दुपारपासून कोमेजून तपकिरी पडलेला. विनोदिनीबाई जमिनीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. दोघींपैकी कुणीही विचारलं नाही, पाहुणे कुठे आहेत.

"रायपूर फार आवडलं त्याईले," खिरवडकर म्हणाले.

 विनोदिनीबाईंनी नवऱ्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. भांडल्या असत्या तर खिरवडकरांना सोसलं असतं. त्या रागावल्यासुद्धा नाहीत, हे मात्र त्यांना सोसेना.

तेवढ्यात फोन वाजला. खिरवडकरांनी धावत जाऊन उचलला. क्षमाताई होत्या, स्टेशनवरच्या बूथमधून.

"गाडी दोन तास लेट आहे," त्या म्हणाल्या.

"अरे वा! मग मी आत्ताच नत्थूले पाठवतो. या घरी, सगळं तयार आहे, मीनल इथेच बसली आहे."

"नको. आमचं आपसात बोलणं झालं आहे. मी एक सरळ विचारते, राग मानू नका. मुलीत काय खोट आहे?"

"खोट?"

"सात तास तुम्ही आम्हाला घरापासून लांब फिरवलं. घर दाखवलं, तेही तलावाच्या पलीकडून. मुलीबद्दल मी चार वेळा विचारलं, चारही वेळा तुम्ही दुसरीकडे गेलात. मुलीचा बाप असं केव्हा करतो, हे आम्हाला कळतं. पायात काही आहे का? फिट्स येतात? जे असेल ते सांगा. फसवू नका, एवढंच म्हणणं आहे."

खिरवडकरांना वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. लपवलं? त्यांनी? त्यांच्या पोरीत खोट? संताप आला, पण संतापायचं कुणावर, हे लगेच कळलं आणि लाज वाटली.

"नाही हो, खोट कसली," ते म्हणाले. "अगदी चांगली आहे. मीनल म्हणजे... ती..."

 मुंडकं नसलेल्या दगडावर अर्धा तास बोलणारा माणूस पोटच्या पोरीवर दोन वाक्यं शोधत उभा राहिला. गाणं शिकली होती का? नाही, ती विनोदिनीची भाची. बी.ए.ला पहिला वर्ग होता की दुसरा? तिला काय आवडतं? ती ऑफिसातून आल्यावर काय करते? संध्याकाळी घरात असते तेव्हा ती कुठे बसते? त्यांनी मीनलकडे बघितलं. ती त्यांच्याकडेच बघत होती. ती वाट बघत होती, की बाबा काय सांगतात.

"ती... चांगली आहे," खिरवडकर पुन्हा म्हणाले.

"बघा," क्षमाताई म्हणाल्या. "अजूनही तेच."

मीनल उठली. तिनं बापाच्या हातातून रिसीव्हर काढून घेतला, अगदी हळू, म्हाताऱ्या माणसाच्या हातातून कप काढून घ्यावा तसा.

"काकू, मी मीनल बोलते. माझ्यात लपवण्यासारखं काही नाही. बाबांवर संशय नका घेऊ, त्यांनी काही लपवलं नाही. त्यांना माझ्याबद्दल काही माहीतच नाही, तर लपवतील काय."

तिनं हे चांगल्या मराठीत सांगितलं, आवाज न चढवता. खिरवडकर तिच्या इतक्या जवळ उभे होते की त्यांना तिचा श्वास ऐकू येत होता. त्यांना वाटलं, ती आता रडेल. ती रडली नाही. रडू त्यांनाच आलं, आणि ते कुठे लपवावं कळेना.

 मग क्षमाताईंचा आवाज आला, आणि तो सकाळसारखा झाला होता. "गाडीला अजून पावणेदोन तास आहेत गं. तू येतेस का इकडे? पुष्कर इथेच आहे. चहा तरी घेऊ."

"येते," मीनल म्हणाली.

तिनं कोमेजलेला गजरा काढून टेबलावर ठेवला, पर्स घेतली. विनोदिनीबाईंनी लगबगीनं उठून चार आलूबोंडे डब्यात भरून दिले. खिरवडकर चपला घालायला लागले.

"मीही येतो. त्याईले सांगतो सगळं नीट."

"नहीं बाबा," ती म्हणाली. "आप घर पे रहिए."

नत्थूची गाडी गल्लीतून गेली. खिरवडकर एका पायात चपल घालून दारातच उभे राहिले. मग आत आले, नव्या चादरीवर बसले. विनोदिनीबाई कपबशा उचलून आत ठेवत होत्या. त्या सकाळी मांडून ठेवलेल्या होत्या आणि कुणी वापरल्या नव्हत्या.

"अवं," खिरवडकर म्हणाले. त्यांनी आवाज इतका खाली आणला होता की विनोदिनीबाईंना थांबावं लागलं. "आपली मीनल कोणत्या खात्यात आहे?"

विनोदिनीबाईंनी कपबशा खाली ठेवल्या. 

"ती आली की तिलेच विचारा," त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.